नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदीखत नव्हे

शहापूर असो की मुरबाड, तहसील कचेरीत काम निघालं की "आधी नोटरी करून आणा" हे ऐकावं लागतं. पण नोटरी नेमकं काय करतो, हे आपल्या बऱ्याच घरांत माहीत नसतं.

नोटरी हा बहुधा वकीलच असतो. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली सरकारने त्याला नेमलेलं असतं. तुम्ही त्याच्यासमोर शपथ घेऊन सही केली, एवढंच तो प्रमाणित करतो. आतला मजकूर खरा असल्याची हमी तो देत नाही. ती जबाबदारी तुमची, आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

आम्ही शिक्षक नेहमी पाहतो ती अडचण नावाची. दाखल्यावर 'शेख'चं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करता येतं. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद तेवढ्याने बदलत नाही.

नोटरीकडे जाताना

- मूळ आधार, फोटो आणि संबंधित कागदांच्या झेरॉक्स घ्या. साक्षीदार किंवा ओळख देणारा लागेल का, ते आधी विचारा.
- सही घरी करू नका; नोटरीसमोरच करा.
- अम्मी-अब्बांना मराठी वाचता येत नसेल तर मजकूर उर्दूत समजावून मगच अंगठा घ्या.
- नोटरीच्या रजिस्टरमध्ये नोंद आणि सही झाली का पाहा. फीची पावती मागा.
- जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला १ जुलै २००४ च्या शासन आदेशाने मुद्रांक शुल्क माफ आहे. स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर आधी कारण विचारा.

इथे फसू नका

'नोटरीवर' प्लॉट किंवा घर घेतलं म्हणजे मालकी मिळाली, असं नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. नुसत्या नोटरीच्या कागदावर सातबाऱ्याला नाव चढत नाही. आयुष्यभराची कमाई अशा कागदावर कुणाच्या हाती देऊ नका.

हिबा तोंडीही होतो, पण देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं या तिन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत. ताबाच दिला नसेल तर नोटरीचा शिक्का ती उणीव भरून काढत नाही.

नोटरीला लग्न किंवा तलाकचा दस्त करायचा अधिकार नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने २०२४ मध्ये तसं पुन्हा बजावलं. गावात निकाहची नोंदणी ग्रामपंचायतीत करा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. आपण लिहून तर घेऊच, पण योग्य कचेरीत जाऊन.