आगीच्या बंबांचे फोटो : छंद, शिस्त आणि नोंद

निवृत्तीनंतरच्या छंदांवर आपण या मालिकेत बोलत आलो आहोत. आजचा छंद जरा वेगळा आहे : अग्निशमन दलाच्या गाड्यांचे आणि जवानांच्या कामाचे फोटो काढणे. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की दिल्ली, तुमच्या गावात अग्निशमन केंद्र आहेच. म्हणजे विषय हाताशी आहे. पण या छंदात चूक महाग पडते, आणि ती किंमत आपल्याऐवजी दुसऱ्याला मोजावी लागते. म्हणून आज कॅमेऱ्याइतकंच शिस्तीबद्दलही बोलणार आहे.

आधी गाड्या ओळखायला शिका. लहानपणी आपण सगळ्यांनाच 'बंब' म्हणायचो, पण प्रत्येक गाडीचं काम निराळं असतं. वॉटर टेंडर ही रोजची लढाऊ गाडी. तिच्यात पाण्याची टाकी, पंप, होज पाइप आणि शिड्या असतात. बहुतेक गाड्यांत पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो. म्हणून आगीच्या जागी गाडी उभी असली तरी तिचं इंजिन घरघरत असतं. मोठे टँकर तिला पाणी पुरवतात. पेट्रोल किंवा तेलाच्या आगीवर नुसतं पाणी मारून भागत नाही, कारण तेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. तिथे फेस सोडणारी फोम टेंडर लागते. उंच इमारतींसाठी फिरत्या चौथऱ्यावरची शिडी किंवा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म असतो. रेस्क्यू टेंडरमध्ये पत्रा कापायची, फाकवायची हत्यारं आणि दिवे असतात. जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांसाठी पाण्याचा बारीक फवारा मारणाऱ्या छोट्या गाड्या आणि मोटारसायकलीही आल्या आहेत.

आपल्या देशात या छंदाला खास रंगत आहे. चॅसी बहुधा टाटा किंवा अशोक लेलँडची असते, पण वरची बॉडी वेगवेगळे कारखाने बांधतात. त्यामुळे कप्पे, शटर, शिडीची जागा, अक्षरांची लिपी, सगळं राज्यागणिक बदलतं. मात्र हे वैविध्य झपाट्याने पुसलं जातंय. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा नियम लागू झाला, आणि अनेक ठिकाणचे जुने बंब भंगाराच्या वाटेला लागले. नव्या गाड्या यायलाच हव्यात. पण वीस-पंचवीस वर्षं माणसं वाचवलेली गाडी एक नीट फोटोही मागे न ठेवता भंगारात जाते, हे मला खटकतं. तुमचा फोटो कदाचित तिची एकमेव नोंद ठरेल.

म्हणून सुरुवात केंद्रापासून करा. केंद्रप्रमुखांना भेटा, लेखी अर्ज द्या, सोयीची वेळ विचारा. आत गेल्यावर गाड्या बाहेर पडायच्या दारासमोर उभं राहू नका आणि आपलं वाहनही तिथे लावू नका. घंटा कधीही वाजू शकते. गाडीचा समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि कप्पे उघडे असताना एकेक फोटो घ्या. वहीत नंबर, चॅसी, बॉडी बांधणारा कारखाना, केंद्र आणि तारीख लिहा. नोंद नसलेला फोटो दहा वर्षांनी नुसतं लाल चित्र उरतो.

वर्षातला सर्वांत चांगला दिवस १४ एप्रिल. १९४४ साली याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर कापूस होता आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जणांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन आणि २० तारखेपर्यंत सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात बऱ्याच शहरांत प्रात्यक्षिकं होतात. शिड्या चढतात, पाण्याचे झोत उडतात, आणि फोटो काढणाऱ्याचं स्वागत असतं.

आता थोडं तंत्र. पाण्याचे थेंब गोठलेले हवे असतील तर शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. झोताची रेशमी धार हवी असेल तर १/३० चालेल, पण कॅमेरा स्टँडवर हवा. ज्वाळा फोटोत असतील तर उजेडाचं मोजमाप ज्वाळेवर धरा, नाहीतर ती पांढरीफटक येते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर ठेवा, म्हणजे आगीचा नारिंगी रंग टिकतो. फ्लॅश बंद. जवानांच्या कोटावरच्या चमकत्या पट्ट्या तो प्रकाश परत फेकतात आणि धूर पांढरा पडदा होतो. एलईडी दिवे लुकलुकतात, त्यामुळे एकापाठोपाठ पाच-सहा फोटो घ्या. एखाद्यात तरी दिवा पेटलेला सापडतो.

प्रत्यक्ष आग हा वेगळा मामला आहे. फौजेत टेहळणी करणाऱ्याला पहिला धडा मिळतो : सगळं बघ, पण आपल्याच माणसांच्या वाटेत येऊ नकोस. तोच इथे लागू. बंबाच्या मागे गाडी पळवू नका. वारा पाठीवर घ्या, म्हणजे धूर तुमच्याकडे येणार नाही. इमारतीच्या उंचीच्या किमान दीडपट लांब राहा, कारण भिंत बाहेरच्या बाजूला कोसळू शकते. होज पाइपवर पाय किंवा चाक देऊ नका. त्या दाबाच्या पाण्यावर आत गेलेल्या माणसाचा जीव असतो. ड्रोन उडवू नका. पोलीस किंवा जवान 'मागे व्हा' म्हणाला की वाद न घालता मागे व्हायचं. आपल्याकडे आगीपेक्षा बघ्यांची गर्दी आधी जमते आणि गाडीला वाट काढण्यात मोलाचे क्षण जातात. त्या गर्दीत आपली भर नको.

जखमी आणि मृतांचे चेहरे टिपायचे नाहीत. त्या दिवशी काही प्रसिद्ध करायचंही नाही. कुणाच्या घरच्यांना मृत्यूची बातमी तुमच्या फोटोवरून कळता कामा नये. विमानतळ आणि संरक्षण दलांचा परिसर परवानगीशिवाय टाळा. पुणे आणि गोव्याचं दाबोळी हे तर लष्करी धावपट्टीवर चालणारे विमानतळ आहेत.

एक उपयोग मात्र लक्षात ठेवा. धूर आधी कुठल्या खिडकीतून आला, ज्वाळा कुठे होत्या, हे सुरुवातीच्या फोटोंत दिसतं आणि चौकशीला कामी येतं. म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून अधिकाऱ्यांना द्या.

नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेली ही संस्था पुढच्याच वर्षी नागपूरला आली. देशभरचे अधिकारी तिथे शिकतात. इतकी मोठी ही सेवा, पण घराघरांत तिचा फोटो नसतो. तुम्ही काढलेल्या फोटोंची एक प्रत त्या केंद्राला जरूर द्या. भिंतीवर लागलेला आपल्या तुकडीचा फोटो जवानाला किती मोलाचा असतो, हे मी छावण्यांमध्ये पाहिलं आहे.

येत्या १४ एप्रिलच्या आधी जवळच्या केंद्रात अर्ज देऊन ठेवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.