डोंगर उतरताना गुडघ्यांची काळजी

छत्तीसगडच्या मैदानात वसलेले भिलाई हे सपाटीवरचे शहर आहे. १९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे पोलाद कारखाना उभा राहिला व त्याच्याभोवती रुंद, सरळ रस्त्यांची वसाहत वाढली. तेथील रहिवाशांच्या पायांना चढउताराची फारशी सवय नसते. तरीही नवरात्रात याच भागातून अनेक भाविक सुमारे ७० किलोमीटरवरील डोंगरगडला पायी जातात आणि बमलेश्वरी देवीच्या दर्शनासाठी हजाराहून अधिक पायऱ्या चढतात. चढताना त्यांना धाप लागते; गुडघे मात्र बहुधा परतीच्या वाटेवर दुखू लागतात. सह्याद्रीतील कळसूबाईवर किंवा हिमालयातील एखाद्या वाटेवर जाणाऱ्यांचाही अनुभव असाच असतो.

याचे कारण स्नायूंच्या कार्यात सापडते. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडतात आणि शरीर वर उचलतात. उतरताना वरच्या पायरीवरील पायाचा गुडघा हळूहळू वाकत असतो व सर्व भार त्याच पायावर असतो. अशा वेळी तेच स्नायू ताणले जात असतानाही जोर लावून शरीराला आवरून धरतात. म्हणजेच ते ब्रेकचे काम करतात. या कामाची सवय नसेल तर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. मांड्या त्याच दिवशी न दुखता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दुखतात, त्या यामुळेच.

गुडघ्याच्या वाटीवरही मोठा ताण येतो. सपाटीवर चालताना वाटीमागील सांध्यावरचा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो. पायऱ्यांवर तो वजनाच्या तिपटीच्या घरात जातो. पाठीवरील ओझे त्यात भर घालते. थकलेले स्नायू भार नीट पेलू शकत नाहीत, पाऊल आदळू लागते आणि तोल जाण्याचा संभव वाढतो.

सुदैवाने स्नायूंना उतरण्याची सवय लावता येते. एकदा बेताचा सराव झाला की त्याचे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यासाठी डोंगर जवळ असण्याची गरज नाही. घराचा जिना पुरेसा आहे. खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहावे, आधाराला कठडा धरावा आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवून पुन्हा वर घ्यावी. प्रत्येक पायाने असे दहा वेळा करावे. प्रवासापूर्वी सहा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा हा व्यायाम करणे हितकर ठरते. निघण्याआधीचे चार-पाच दिवस मात्र विश्रांती घ्यावी.

उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि उड्या मारू नयेत. तीव्र उतारावर नागमोडी चालावे. एक पाय दुखत असल्यास उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा. चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. काठीचा आधार हा केवळ वृद्धांसाठी नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, तीव्र उतारावर दोन काठ्या वापरल्याने गुडघ्यावरील भार सुमारे १२ ते २५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. संधिवाताने त्रस्त असलेल्या व्यक्तीला रज्जुमार्ग किंवा डोली यांचा लाभ एकाच फेरीसाठी घेता येणार असेल, तर तो उतरताना घेणे शहाणपणाचे होय.

पोटरीत पेटका आल्यास थांबावे, गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा हळूहळू स्वतःकडे ओढावा. गुडघा दुखावल्यास विश्रांती घ्यावी, पाय उंच ठेवावा व कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा. ताज्या सुजेवर जोराने मालिश करू नये. वेदनाशामक गोळी घेऊन चाल चालू ठेवणे धोक्याचे आहे: शरीराने दिलेली सूचना त्यामुळे दडपली जाते. शिवाय पाणी कमी प्यालेले असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात.

काही लक्षणे साध्या थकव्याची नसतात. गुडघा झपाट्याने सुजणे, अडकून बसणे, एकाएकी लटका पडणे किंवा पायावर भारच देता न येणे, यांपैकी काही आढळल्यास चाल थांबवून डॉक्टरांना दाखवावे. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे हे शिरेत रक्त गोठल्याचे, तर लघवी गडद तपकिरी होणे हे स्नायूंना गंभीर इजा झाल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे. पोटरीच्या सुजेबरोबर श्वासही लागत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये.

शिखरावर पोचल्यावर प्रवास संपला असे अनेकांना वाटते. वस्तुतः निम्मी वाट, आणि गुडघ्यांच्या दृष्टीने अधिक कठीण वाट, तेव्हा उरलेली असते. तिच्यासाठी पायांतील बळ राखूनच वर जावे.