प्रकाशाची वाटणी

प्रकाशझोतातल्या सामन्याला जमलेल्या प्रेक्षकसमुदायाची दृष्टी स्वभावतःच चेंडूवर खिळलेली असते, फार तर क्षणभर ती उंच मनोऱ्यांवरील दिव्यांच्या रांगांकडे वळते. परंतु त्या दिव्यांपर्यंत वीज कोणत्या वाटेने आली, कोठे विभागली गेली आणि वाटेत किती खर्ची पडली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. मैदान उजळण्याच्या विद्येतील खरे कौशल्य मात्र दिव्यापेक्षा या अदृश्य वाटणीतच अधिक आहे, असे माझे मत आहे.

१४ ऑक्टोबर १८७८ रोजी इंग्लंडातील शेफील्ड येथे, ब्रॅमल लेनच्या मैदानावर विद्युत्प्रकाशात फुटबॉलचा सामना खेळला गेला, तेव्हा वाटणीचा हा प्रश्न जवळजवळ उद्भवलाच नव्हता. लाकडी मनोऱ्यांवर चार आर्क दिवे टांगलेले, आणि दोन्ही गोलांच्या मागे सीमेन्सचे डायनॅमो फिरविणारी इंजिने धडधडत असलेली. वीज जेथे निर्माण होई तेथेच, हाकेच्या अंतरावर, ती जळून जाई. शहराला वीज पुरविणारे एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे केंद्र सुरू व्हावयास अजून चार वर्षांचा अवकाश होता.

आज आपल्याकडील मोठ्या मैदानात वीज बहुधा ११,००० व्होल्टने प्रवेश करते, रोहित्रात उतरून ४३३ व्होल्टची होते, आणि मुख्य पॅनेलमधून जमिनीखालच्या केबलींनी एकेका मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या पेटीपर्यंत पोहोचते. येथे एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. एका मनोऱ्यावर २,००० वॅटचे बारा मेटल हॅलाइड दिवे आहेत असे धरा. त्यांच्या चोकमधील नुकसान मिळवून मागणी २५ किलोवॅटपर्यंत जाते, आणि त्यासाठी ४१५ व्होल्टच्या तीन फेजांवर, पॉवर फॅक्टर ०.९ मानल्यास, प्रत्येकी सुमारे ३९ अँपिअर प्रवाह लागतो. दहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल इतका प्रवाह न तापता वाहून नेईल, म्हणून काटकसरी ठेकेदार तीच पसंत करील. परंतु पॅनेलची खोली मनोऱ्यापासून २०० मीटर दूर असेल, तर त्या केबलीच्या रोधापायी सुमारे ४० व्होल्ट, म्हणजे दाबाचा दहावा हिस्सा, वाटेतच गारद होतो. पाटाच्या तोंडाशी असलेला वाफा तुडुंब भरावा आणि टोकाचा तहानलेला राहावा, तशी गत जवळच्या आणि दूरच्या मनोऱ्यांची होते. आणि चोकवर चालणाऱ्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणापेक्षाही अधिक वेगाने घटत असल्यामुळे मैदानाचा एक कोपरा निस्तेज दिसू लागतो. तेथे ३५ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, की हीच घट बारा व्होल्टांच्या आसपास येते. सारांश, मैदानावरची केबल उष्णतेच्या धास्तीने नव्हे, तर अंतराच्या हिशेबाने जाड करावी लागते, आणि निविदेच्या कागदपत्रांत सर्वप्रथम कात्री लागते ती नेमकी या जाडीलाच.

वाटणीचा दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो, त्यामुळे चोकवरच्या दिव्याचे तेज सेकंदाला शंभर वेळा चढते आणि उतरते. डोळ्याला हे जाणवत नाही. परंतु मंदगती चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला ते चटकन पकडता येते, आणि पडद्यावर अवघे मैदान लुकलुकू लागते. यावरील उपाय असा, की मैदानाच्या प्रत्येक भागावर पडणारे दिवे तिन्ही फेजांत वाटून द्यावयाचे. एकाचे तेज ओसरत असताना दुसऱ्याचे चढत असते, आणि तिन्हींची बेरीज बहुतांशी स्थिर राहते. हे दिवे दोन फेजांच्या मध्ये जोडण्याची वहिवाट असल्यामुळे न्यूट्रलवर त्यांचा भार पडत नाही. शिवाय एखादी फेज गेली तरी कोणताही भाग समूळ काळोखात बुडत नाही. एका मनोऱ्याला एकच फेज-जोडी देणारा वायरमन काम लवकर उरकतो खरा, पण तो तीन फेजांचा भार मात्र बिघडवून ठेवतो.

पुरवठ्याच्या बाबतीतही हीच नीती पाळतात: प्रत्येक मनोऱ्यावरील निम्मे दिवे एका स्रोतावर, निम्मे दुसऱ्यावर. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना ऐन रंगात असताना, आत येणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांपैकी एक बंद पडली, आणि निम्मे सभागृह अंधारले. खेळ ३४ मिनिटे थांबला. मौज अशी, की वाहिनी तोडणारा रिले हा बिघाडापासून संरक्षण व्हावे याच हेतूने नुकता बसविलेला होता. त्याच्या निर्मात्यांचे म्हणणे पडले, की तो ज्या प्रवाहावर तुटावयाचा ती मर्यादाच फार खाली ठेवली गेली होती; वीज कंपनीचे बोट उपकरणाकडे होते. परंतु वीज परतल्यानंतरही खेळाडूंना खोळंबून राहावे लागले, याचे कारण दिव्यांच्या प्रकृतीत होते. तापलेल्या मेटल हॅलाइड दिव्याच्या नळीत बाष्पाचा दाब इतका चढलेला असतो, की ती निवेपर्यंत, म्हणजे बहुधा दहा-पंधरा मिनिटे, ठिणगी पुन्हा धरत नाही. क्षणार्धाचा खंड आणि पाव तासाचा काळोख, असे हे विषम प्रमाण आहे. आपल्या वानखेडेवरही १२ मे २०२२ रोजी विजेच्या खंडामुळे, पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची सोय डावाच्या आरंभी काही चेंडूंपर्यंत उपलब्ध नव्हती.

एलईडी दिव्यांनी निवण्याची ही अडचण दूर केली आहे, ते तत्क्षणी पेटतात. तथापि त्यांच्या ड्रायव्हरमधील कपॅसिटर चालू होतेवेळी एका क्षणासाठी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात, आणि सारे दिवे एकाच बटणावर पेटविले तर पॅनेलमधील एमसीबी विनाकारण ट्रिप होतात. म्हणून दिव्यांचे गट क्रमाक्रमाने चालू करण्याची तजवीज ठेवावी लागते. दुरुस्तीसाठी वर चढावे लागू नये म्हणून ड्रायव्हर मनोऱ्याच्या पायथ्याशी बसविण्याची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आहे. अशा वेळी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकदिश प्रवाह नेणाऱ्या केबलीतील दाबघटीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.