पिसांची माशी आणि येलोस्टोनचें तळें

अमेरिकेंत मुलगा अथवा मुलगी आहे असें घर आतां आपल्या शहरांतून प्रत्येक आळींत एखादें तरी निघतें. तिकडे गेलेल्या आईबापांस मुलें एकदां येलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान दाखवितात. १८७२ सालीं स्थापन झालेलें हें उद्यान कढत पाण्याच्या कारंज्यांबद्दल जगप्रसिद्ध आहे, आणि तीं कारंजीं पाहून बहुतेक मंडळी परततात. मी आज बोलणार आहें तें तेथील थंड पाण्याविषयीं; म्हणजे उद्यानांतील मोठ्या तळ्याविषयीं, व त्यांत गळ टाकणारांस पाळाव्या लागणाऱ्या एका चमत्कारिक नियमाविषयीं.

नियम असा. या तळ्यांत एका जातीचा ट्राउट मासा गळास लागला तर तो जिवंत सोडलाच पाहिजे. दुसऱ्या जातीचा लागला तर तो मारलाच पाहिजे. दोन्ही आज्ञा सारख्याच सक्तीच्या आहेत.

हें तळें समुद्रसपाटीपासून ७,७३३ फूट उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही सुमारें २,३०० फूट वर. लांबी वीस मैल, रुंदी चौदा मैल. डिसेंबरांत तें गोठतें, आणि बर्फ फुटतें तें मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभीं. ट्राउट जातीस असेंच पाणी लागतें. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते हें आपणांस ठाऊक आहे. हवेचें उलट आहे. सोड्याची बाटली ऊन झाली म्हणजे तिच्यांतला वायु निघून जातो, त्याचप्रमाणें पाणी तापलें कीं त्यांतला प्राणवायु कमी होतो. ट्राउटला प्राणवायु भरपूर हवा असतो, म्हणून हा मासा थंड प्रदेशाचा.

आतां त्यास पकडण्याची रीत. आपल्याकडे नदीकांठीं बसणारा मनुष्य गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो, दोऱ्याला शिशाचा तुकडा बांधतो, आणि त्या वजनाच्या जोरावर दोरा दूर फेकतो. ट्राउटचें लक्ष मात्र पाण्यावरील किड्यांकडे असतें. मे-माशी म्हणून एक नाजूक कीटक आहे. तिचें बालपण पाण्याखालीं जातें. वाढ पुरी झाली म्हणजे ती पृष्ठभागावर येते, कात टाकते, आणि पंख उडण्याजोगे होईपर्यंत क्षणभर पाण्यावरच बसून राहते. तो क्षण ट्राउट साधतो. म्हणून गळावर पिसें, केस व रेशीम गुंडाळून त्या माशीची नक्कल करावयाची. हिलाच फ्लाय-फिशिंग म्हणतात. परंतु असली नक्कल फुंकरीनें उडून जाईल इतकी हलकी. ती चाळीस-पन्नास फूट दूर जावी कशी? युक्ति अशी कीं, वजन गळाला न देतां दोरीलाच द्यावें. सुमारें नऊ फुटी लवचीक काठी घेतात व तिला जाडसर, वजनदार दोरी लावतात. काठी मागें नेली कीं दोरी हवेंत मागें पसरते. ती पुरती ताणली गेली कीं काठी पुढें आणावयाची. मग दोरी पुढें उलगडत जाते, आणि तिच्या टोंकाचा बारीक पारदर्शक धागा त्या माशीस अलगद पाण्यावर ठेवतो. नवशिक्या मनुष्यास धीर नसतो. दोरी मागें पसरण्यापूर्वींच तो काठी ओढतो, चाबकासारखा फटकारा होतो आणि माशी तुटून कोठें जाते तें कळतही नाहीं.

या माश्या बांधण्यासाठीं पूर्वीं विलायतेंत ज्या पिसांस मोठी मागणी असे, त्यांत आपल्या सह्याद्रींतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचीं पिसें होतीं. त्यांवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. त्या पक्ष्यास आज आपल्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे.

असो. त्या नियमाकडे वळूं.

येलोस्टोन तळ्याचा मूळ रहिवासी कटथ्रोट ट्राउट होय. कटथ्रोट म्हणजे गळा चिरलेला. जबड्याखालीं तांबड्या रेघा असतात म्हणून हें नांव. एके काळीं तो इतका विपुल होता कीं, १८९९ पासून १९५७ पर्यंत या तळ्यांतील माशांचीं ८० कोटींहून अधिक अंडीं गोळा करून इतर ठिकाणीं पाठविण्यांत आलीं. तळ्याच्या पश्चिम कांठाशीं पाण्यांतच एक उकळता झरा शंकूसारखा वर आलेला आहे. गळाला लागलेला मासा न काढतां तसाच त्या झऱ्यांत बुडवून शिजविण्याचा खेळ तेव्हां लोक करीत. आतां त्यास बंदी आहे. मी स्वतः मत्स्याहारी नाहीं, त्यामुळें मला ही बंदी फार पूर्वींच व्हावयास हवी होती असें वाटतें.

१८९० सालीं उद्यानांतील दुसऱ्या दोन तळ्यांत, लुईस व शोशोनी येथें, लेक ट्राउट नांवाचा परका मासा सोडण्यांत आला होता. त्या तळ्यांत पूर्वीं मासेच नव्हते. तेथून तो विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी येलोस्टोनच्या तळ्यांत आणून टाकला असावा. १९९४ सालीं तो प्रथम एकाच्या गळास लागला. मोठा लेक ट्राउट वर्षाला चाळीसेक कटथ्रोट गिळतो. क्लिअर क्रीक नांवाच्या एकाच ओढ्यांत १९७८ सालीं अंडीं घालण्यास ७०,००० हून अधिक कटथ्रोट चढले होते. २००७ सालीं मोजले ते ५३८. या ऱ्हासास रोग व अवर्षणही कांहीं अंशीं कारण झालें, तरी मुख्य अपराधी हा पाहुणाच.

मोठा मासा लहान माशास खातो यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. मत्स्यन्याय हा शब्दच आपल्या जुन्या ग्रंथांत आहे. परंतु येथें प्रश्न केवळ माशांचा राहिला नाहीं. कटथ्रोट वसंतऋतूच्या अखेरीस उथळ ओढ्यांत चढतो, आणि तेथें अस्वलें, पाणमांजरें व मासेखाऊ गरुड यांस तो सहज सांपडतो. लेक ट्राउट अंडीं घालतो तीं तळ्यांतच, आणि राहतो खोल पाण्यांत. अस्वलाचा पंजा तेथवर पोंचत नाहीं. त्यामुळें तळ्यांत मासे असूनही कांठावरील प्राण्यांचें ताट रिकामें झालें. अस्वलें एल्क नांवाच्या हरणाच्या पाडसांकडे अधिक वळलीं. मत्स्यगरुडांचीं घरटीं कमी झालीं. उजनीच्या जलाशयांतील चिलापी ही मूळची आफ्रिकेची आहे हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस परका मासा पाण्यांत किती झपाट्यानें घर करतो हें वेगळें सांगावयास नको.

उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं नावा व जाळीं लावून आजवर चाळीस लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले आहेत. जेथें ते अंडीं घालतात त्या जागा शोधून तेथें सोयाबीन व गव्हाच्या गोळ्याही टाकतात; त्या कुजल्या म्हणजे पाण्यांतला प्राणवायु संपतो व अंडीं गुदमरतात. या प्रयत्नांनीं कटथ्रोट पुन्हां वाढूं लागले आहेत. तरी शत्रु नाहींसा झालेला नाहीं, व जाळीं आवरलीं तर तो पुन्हां माजेल. म्हणून हौशी गळवाल्यासही या कामीं जुंपलें आहे.

दोन्ही मासे ओळखणें कठीण नाहीं. कटथ्रोटचें अंग फिकट व ठिपके काळे. लेक ट्राउटचें अंग गडद, ठिपके पांढुरके, आणि शेपटीस खोल खांच. पहिला लागला तर हात ओले करून, त्यास पाण्यांतच ठेवून गळ सोडवावा, कारण कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. गळाला उलटा कांटा नसावा असाही तेथील नियम आहे. शिशाचें वजन वापरण्याची मनाई आहे. दुसरा लागला तर मारून खावा; खावयाचा नसेल तर त्याची वायूची पिशवी फोडून खोल पाण्यांत बुडवावा.

तळ्याच्या उत्तर कांठीं १८९१ सालीं उघडलेलें पिवळ्या रंगाचें मोठें हॉटेल आहे, व जवळच कुटुंबांस उतरण्याजोग्या लाकडी खोल्या आहेत. त्या पुष्कळ महिने आधीं ठरवाव्या लागतात. सोळा वर्षांवरील प्रत्येकास मासेमारीचा परवाना लागतो. मुलें बरोबर असतील तर दोन गोष्टी ध्यानांत धराव्या: पाणी उन्हाळ्यांतही इतकें थंड असतें कीं बुडणारा मनुष्य थोड्याच वेळांत गारठून निकामी होतो, आणि दुपारीं वारा सुटून मोठ्या लाटा येतात, तेव्हां नावेंतून जाणें तें सकाळीं. अस्वल दिसल्यास शंभर यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. ज्यांस गळ हातींच धरावयाचा नाहीं त्यांनीं तळ्यांतून नदी निघते तेथील जुन्या पुलावर जावें. एके काळीं या पुलावर गळवाल्यांची रीघ लागे. १९७३ पासून तेथें मासेमारी बंद आहे, आणि उन्हाळ्याच्या आरंभीं कठड्यावरून खालीं पाहिलें तर तांबड्या रेघांचे कटथ्रोट प्रवाहांत तोंड करून उभे असलेले दिसतात.