आमच्या पश्चात लेकराचं काय? बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांनी हे पर्याय आताच समजून घ्यावेत

नाशिक : घरात बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं लेकरू आहे. आई-बाप साठीकडे झुकलेत. भाऊ वेगळा राहतो, बहीण सासरी. मग एकच प्रश्न रात्री झोपू देत नाही : आपण गेल्यावर याला कोण बघणार? बहुतेक घरांत हा विषय निघतच नाही आणि शेवटी घाईत, मिळेल तिथं ठेवायची वेळ येते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार दिव्यांग माणसाला अमुक ठिकाणीच राहा, अशी सक्ती करता येत नाही. समाजात, आपल्या माणसांत राहण्याचा त्याला हक्क आहे. केवळ दिव्यांग आहे म्हणून लहान मुलाला आई-बापापासून तोडता येत नाही. मुलाच्या हितासाठी कोर्टानेच तसा आदेश दिला तर गोष्ट वेगळी.

म्हणजे संस्थेत ठेवणं हे पाप नाही आणि घरी ठेवणं ही सक्तीही नाही. निवड हवी आणि त्यात त्या व्यक्तीची आवड-नावड विचारली पाहिजे. बोलता येत नसलं तरी ते लेकरू कुठे रमतं, कुठे बावरतं, हे घरच्यांना कळतंच.

पर्याय कोणते?

▪ घरीच राहणं, दिवसा शाळा किंवा कार्यशाळा : नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. अशा ठिकाणी मुलं दिवसभर शिकतात, काम करतात आणि संध्याकाळी घरी येतात.

▪ थोड्या दिवसांचा मुक्काम : आजारपण, ऑपरेशन, लग्नकार्य अशा वेळी उपयोगी. मुलाला बाहेर राहायची सवयही होते.

▪ कायमचं निवासी घर : नाशिकजवळ पिंपळगाव बहुला येथील घरकुल परिवार संस्था बौद्धिक दिव्यांग मुली व महिलांसाठी काम करते. राष्ट्रीय न्यासाने निवासी सोयीसाठी 'समर्थ' आणि 'घरौंदा' या योजना आखल्या आहेत.

अठराव्या वर्षी काय बदलतं?

मूल 18 वर्षांचं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक, जमीन, वारसाहक्क इथं अडचण येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाला 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्या लेकराची जमीन कुणी गिळू नये, म्हणून ही तरतूद महत्त्वाची आहे.

अनाथ मुलांचा प्रश्न तर आणखी अवघड. बालगृहात 18 वर्षांपर्यंतच ठेवता येतं; पुढे जायचं कुठे? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अशा मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर यांनी 18 नंतरही पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली.

संस्था बघताना काय तपासाल?

▪ नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही.
▪ स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, झोपायची जागा स्वतः बघा.
▪ रात्री किती माणसं असतात? मुलींच्या खोल्यांजवळ महिला कर्मचारी असतात का?
▪ भेटायला कधीही येता येतं का? सणाला घरी नेता येतं का?
▪ तिथली मुलं दिवसभर काय करतात?
"न सांगता भेटायला यायचं नाही" असं कुणी म्हणत असेल, तर दोनदा विचार करा.

आधी हे करून ठेवा

जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात 1 लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्याची चौकशी करा. भावंडांना एकत्र बसवून बोला आणि मुलाची औषधं, सवयी, आवडीनिवडी एका वहीत लिहून ठेवा. उद्या सांभाळणारा कुणीही असो, ही वही त्याला लागणारच आहे.