देयकाच्या फाईलमधली माणसं

कोणत्याही सरकारी कार्यालयात जा. संगणकावर बसलेली मुलगी, दारावरचा सुरक्षारक्षक, साहेबांच्या गाडीचा चालक, यांतलं कुणी ना कुणी बाह्यस्रोतातून आलेलं असतं. काम इथलं, साहेब इथले, हजेरी इथली. पगार मात्र एजन्सीकडून. अर्थसंकल्पात हा खर्च ‘01-वेतन’खाली नसतो, तो ‘10-कंत्राटी सेवा’खाली पडतो. लेखाशाखेत माझी कित्येक वर्षं हीच देयकं तपासण्यात गेली. निविदेबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येतं. पण करार पाळला जातो की मोडला जातो, ते दरमहाच्या देयकात ठरतं, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयानं राज्यात कंत्राटी मनुष्यबळ पुरवण्यासाठी 9 एजन्सी नेमल्या. स्पर्धा परीक्षेची मुलं रस्त्यावर उतरली, विरोधी पक्षांनी रान उठवलं, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारनं तो निर्णय मागे घेतला. मुलांचा राग रास्त होता. पण आधीपासून कंत्राटावर राबणाऱ्यांचा पगार, भविष्य निर्वाह निधी कोण बघतं, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारलाच नाही.

कायद्यानं त्याचं उत्तर फार पूर्वी दिलंय. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 नुसार ठेकेदारानं मजुरी थकवली तर ती मुख्य मालकानं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. सरकारी कार्यालय माणसं घेतं तेव्हा मुख्य मालक तेच असतं. नोकरीत कायम करण्याचा प्रश्न निराळा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या ‘सेल’ (पोलाद प्राधिकरण) निकालानं आणि 2006 च्या उमादेवी निकालानं ती वाट अरुंद केली. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं राबलेल्यांना कायम करायला लावलं, तेव्हा ती थोडी रुंदावली. पण कोर्टाची पायरी चढेपर्यंत माणसाला दर महिन्याला घर चालवायचं असतं.

आता हिशेब बघा. समजा, मजुरी 12,000 रुपये. मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, विमा आणि प्रशासकीय आकार मिळून 13 टक्के, म्हणजे 1,560. राज्य कामगार विम्याचे 3.25 टक्के, म्हणजे 390. एकूण 13,950. यातला एकही रुपया एजन्सीचा नाही. तिची कमाई फक्त सेवाशुल्क. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचं, म्हणून स्पर्धा सेवाशुल्कावर येते. शून्य दर भरणाऱ्याची निविदा ग्राह्य धरू नये, असं केंद्राच्या खर्च विभागानं 2014 मध्येच सांगितलं. मग दर 0.01 टक्क्यावर आले. 13,950 वर 0.01 टक्के म्हणजे माणशी महिन्याला 1 रुपया 40 पैसे.

एवढ्यात एजन्सीचा एक कारकूनही पोसला जात नाही. असा दर मंजूर करताना उरलेले पैसे कुठून येणार, हे टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला कळत असतं. गणवेशाच्या नावाखाली कपात होते, कामावर घेताना ‘डिपॉझिट’ घेतलं जातं, खात्यात जमा झालेल्या पगारातले दोन हजार रोख परत मागितले जातात. हा करार मंजूर होतो त्याच दिवशी कामगाराच्या खिशावर लिहिला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. एजन्सीचीही एक बाजू आहे. बीडीएसवर, म्हणजे अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर, अनुदान येत नाही, बिलं तीन-तीन महिने अडकतात, आणि तरी पगार वेळेवर द्यायचा असतो. मोठ्या एजन्सीला ते झेपतं; छोटी मोडून पडते, नाहीतर कामगाराचा पगार थांबवते.

सल्लागारांच्या नेमणुकीत गुणवत्तेला वजन देण्याची सोय तरी आहे. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत ते 80 टक्क्यांपर्यंत नेता येतं. डेटा एंट्री करणाऱ्या मुलीच्या निविदेत तशी मुभा फारशी उरत नाही. तिचं रक्षण देयक तपासणाऱ्यालाच करावं लागतं.

ते कसं, तर तीन कागद शेजारी ठेवून: आमचं हजेरीपत्रक, एजन्सीनं पगार जमा केल्याचं बँकेचं विवरण, आणि भविष्य निर्वाह निधीचं ईसीआर, म्हणजे दरमहाचं चलन-विवरणपत्र. ईसीआरमध्ये शेवटाकडे ‘एनसीपी दिवस’ असा रकाना असतो, म्हणजे बिनपगारी दिवस. चलनाची एकूण रक्कम बघून टिक मारली की तो रकाना कुणी वाचत नाही. एका महिन्यात एका ऑपरेटर बाईंच्या नावापुढे मला तिथे 11 आकडा दिसला. आमच्या हजेरीपत्रकात त्यांची एकही गैरहजेरी नव्हती. मागचे महिने काढले. कधी 9, कधी 12. बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा यूएएन, म्हणजे निधीचा खातेक्रमांक, मोबाईलला जोडलेलाच नव्हता, त्यामुळे पासबुक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

देयक आक्षेप लावून परत पाठवलं. ‘मार्च आहे, अनुदान व्यपगत होईल’ म्हणून वरून दोनदा फोन आले. सुधारित चलन आल्याशिवाय मी सही केली नाही. फरकाची रक्कम भरली गेली. जूनमध्ये त्या बाई टेबलापाशी आल्या, मोबाईल पुढे केला आणि पासबुकातल्या ओळी बोटानं दाखवत म्हणाल्या, “सर, हे सगळं माझंच ना?”