पाण्याच्या मागे मागे फेज

"बालाक, बालाक!" म्हणजे बाजूला व्हा. मोरोक्कोतल्या फेजच्या जुन्या गावात ही हाक आली की भिंतीला चिकटायचं. ओझ्याचं गाढव पुढे जातं. इथल्या गल्ल्यांत मोटार मावत नाही. नवख्याला हे गाव म्हणजे निव्वळ गुंता वाटतं. पण पाण्याच्या मागे मागे चाललं की गुंता सुटत जातो.

नमाज दिवसातून पाच वेळा, आणि त्याआधी वजू, म्हणजे हात-पाय-तोंड धुणं. म्हणून मशीद तिथे पाणी हवंच. फेजची नदी पश्चिमेच्या उंच अंगाने गावात येते. तिला पाट फोडून पाणी उताराने मशिदी, मदरसे, हमामखाने, घरं आणि नाक्यानाक्यावरच्या पाणपोयांपर्यंत नेलं. सांडपाण्याची वाट वेगळी ठेवली. चामडं कमावणाऱ्यांचे शुआरा भागातले हौद खाली नदीकाठाला आहेत, ते उगाच नव्हे.

गावाच्या पोटात करावीन मशीद आहे. इ. स. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईंनी ती बांधवली, अशी परंपरा. भोवती बाजार दाटला. शेजारच्या अत्तारीन पेठेच्या नावात आपलं अत्तर ऐकू येतं. इथली कितीतरी दुकानं वक्फची, म्हणजे धर्मादाय दान दिलेली. त्यांच्या भाड्यावर मशिदीचे दिवे, विद्यार्थ्यांची सोय, पाणपोयांची डागडुजी चाले. बाजार मशिदीला बिलगला, त्यामागे हा हिशेबही होता.

गोंगाटाचे धंदे मशिदीपासून दूर, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. फेज त्याला जुमानत नाही. करावीनच्या ग्रंथालयाचं दार ज्या सफ्फारीन चौकात उघडतं, तिथेच तांबटांची ठोकाठोक चालते. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला तो नाद परका वाटायचा नाही.

हमरस्ता सोडून आत वळलं की भिंती मुक्या होतात. खिडक्या अंगणाकडे, दारं समोरासमोर नाहीत. शेजाऱ्याच्या घरात नजर जाऊ नये, याची काळजी इस्लामी कायद्याच्या मालिकी न्यायशास्त्राने घेतली. वाद झाला तर तो काझीपुढे जात असे.

चौदाव्या शतकातल्या बू इनानिया मदरशात मला या साऱ्याचं सार दिसतं. अंगण आणि नमाजाचं दालन यांच्यामध्ये नदीचाच एक पाट काढलेला आहे. छोटा पूल ओलांडला की माणूस नमाजाला उभा राहतो.